तुळजापूर ते टोकियो : तलवारीची सॉल्लिड गोष्ट

कॅलेंडरवरच्या भवानी तलवारीपासून ऑलिम्पिकच्या बीप वाजवणाऱ्या तलवारीपर्यंत... तलवारबाजी या खेळाचा हा प्रवास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे!

शुक्रवारची संध्याकाळ. बॅग भरून तुम्ही निघणार, तेवढ्यात बॉसची हाक येते, 'जस्ट पाच मिनिटं!' तुम्ही केबिनमध्ये शिरता. पहिला वार त्याचा. 'या महिन्याचं टार्गेट का चुकलं?' तुम्ही तो अडवता. 'सर, क्लायंटनंच डेट पुढे ढकलली.' लगेच तुमचा उलटवार, 'आणि मी मागितलेला माणूस अजून मिळालेला नाही.' बॉस दोन पावलं मागे. मग तो हूल देतो, हसतो, चहा मागवतो. तुम्ही गाफील होता आणि तेवढ्यात तो मुख्य वार करतो, 'मग रविवारी येशील ना?'

गेम ओव्हर. वन-नील टू बॉस.

आता कल्पना करा, हेच सगळं चौदा मीटर लांबीच्या पट्टीवर, पांढरा ड्रेस, तोंडावर जाळीचा मास्क आणि हातात खरीखुरी तलवार घेऊन करता आलं तर? बॉसच्या छातीवर टोक टेकलं की बझर वाजणार, लाइट पेटणार आणि शेवटी दोघांनी हात मिळवून घरी जायचं. कुणाला खरचटणारही नाही. बॉस, याच खेळाला तलवारबाजी म्हणतात! शुद्ध इंग्रजीत फेन्सिंग. १८९६मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं तेव्हापासून एकही ऑलिम्पिक या खेळाशिवाय झालेलं नाही. असा मान फार थोड्या खेळांना आहे.

'हे सगळं जेम्स बॉण्ड आणि झोरोला ठीक, आपला काय संबंध?' असं म्हणत असाल तर थांबा. आपली भाषाच बघा ना. आपण पवित्रा घेतो, शब्दांचे वार झेलतो, तलवार म्यान करतो आणि अप्रेझलच्या महिन्यात डोक्यावर टांगती तलवार घेऊन फिरतो. आणि मराठी घरात एक चित्र तर हमखास पाहिलेलं असतं, आजीच्या देवघरात, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, नाहीतर एसटीच्या ड्रायव्हरच्या काचेवर. तुळजाभवानी छत्रपती शिवाजीमहाराजांना तलवार देतेय!

ही देवी धाराशिव जिल्ह्यातली. (२०२३पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद.) तुळजापूरच्या देवळात शारदीय नवरात्रात देवीच्या वेगवेगळ्या अलंकार महापूजा मांडतात. त्यातली एक असते 'भवानी तलवार अलंकार'. कॅलेंडरवरचं ते दृश्य त्या दिवशी खुद्द गाभाऱ्यात उभं राहतं. ते पाहायला लोक तासन् तास रांगेत थांबतात.

आता दुसरं चित्र. २६ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक. पट्टीवर एक भारतीय मुलगी उभी आहे. हातात तलवार. नाव... भवानी!

योगायोग? अर्थातच. पण काय योगायोग आहे राव! या दोन भवानींच्या मधे तलवारीची काही शतकांची गोष्ट आहे. चला, सुरुवात तुळजापूरपासूनच करू.

पातं फिरंगी, मूठ आपली

देवीनं महाराजांना तलवार दिली, ही श्रद्धा. तिच्याशी वाद घालायचं कारण नाही. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही देवीचं आणि तलवारीचं हे नातं येतं. म्हणजे कथा आजकालची नाही, चांगली साडेतीनशे वर्षं जुनी आहे.

पण त्या काळातल्या तलवारी जवळून पाहिल्या तर एक मजेदार गोष्ट सापडते. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सरळ, लांब, लवचिक पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत होती. आपल्या लोकांना ती एवढी आवडली, की तलवारीच्या एका प्रकाराचं नावच पडलं 'फिरंग'! पातं युरोपातलं, मूठ इथल्या कारागिरानं इथल्या हाताला बसेल अशी घडवलेली. आजच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर इम्पोर्टेड आणि इंटरफेस लोकल. भवानी तलवारीचं पातंही फिरंगीच होतं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

लंडनला ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली 'जगदंबा' तलवार हे याचं नामी उदाहरण. १८७५-७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला तेव्हा कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांकडून ती त्याला भेट गेली. तिचं पातं युरोपीय आहे. ती परत आणायची मागणी आपल्याकडे अधूनमधून गाजत असते, २०२२मध्येही गाजली होती.

म्हणजे तलवार ही तेव्हाही ग्लोबल वस्तू होती. ती तिकडून इकडे आली, तशी इकडूनही तिकडे गेली. ऑलिम्पिकमधल्या तीन शस्त्रांपैकी एक आहे सेबर. या सेबरचे पूर्वज म्हणजे पूर्वेकडच्या घोडेस्वारांच्या वाकड्या तलवारी. तुर्क आणि हंगेरियन स्वारांच्या हातून ती युरोपभर पसरली. आपण त्यांच्याकडून सरळ पातं घेतलं, त्यांनी पूर्वेकडून वाकडं घेतलं. फिट्टंफाट!

तोफेनं तलवार हलकी केली

आता धाराशिव जिल्ह्यातच जरा पश्चिमेकडे सरकू. बार्शीच्या पलीकडे परांड्याचा भुईकोट आहे. आज विजापूरला जी जगप्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ टुरिस्टांना दाखवतात, ती अहमदनगरला १५४९मध्ये ओतली आणि मग परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२मध्ये ती विजापूरला गेली. पन्नास टनांहून जड असलेलं ते धूड कसं ओढत नेलं असेल, कल्पना करून बघा.

तलवारीच्या लेखात तोफ कशाला? कारण तोफा-बंदुका आल्या आणि तलवारीचं अख्खं करिअर बदललं. युरोपात सरदार लोक अंगभर लोखंडी चिलखत घालायचे. ते फोडायला तलवारही जाडजूड लागायची. बंदुकीच्या गोळीपुढे चिलखत कुचकामी ठरू लागलं तसं ते अंगावरून उतरलं आणि तलवार स्लिम झाली. फोडण्यापेक्षा भोसकण्याला, ताकदीपेक्षा वेळ आणि अंतर साधण्याला महत्त्व आलं. थोडक्यात, मसल्सचा जमाना गेला, टायमिंगचा आला.

आणि इथे एन्ट्री होते एका इंजिनिअरची. (आयटीवाल्यांनो, कॉलर ताठ करा!) कामिलो आग्रिप्पा हा इटलीतला वास्तुविशारद आणि अभियंता. १५५३मध्ये त्यानं तलवारबाजीवर एक पुस्तक काढलं आणि या कलेला सरळ भूमिती लावली. हात कुठल्या कोनात असला तर टोक किती पुढे पोचतं, पाय किती टाकला तर अंतर किती कमी होतं. उगाच पंचवीस पवित्रे कशाला, चार मूळ पवित्रे पुरेत, हा त्याचा फंडा. आजही तलवारबाज पवित्रे आकड्यांनीच ओळखतात, ते मूळ तिथलं.

पुढे फ्रेंचांनी तलवार आणखी छोटी आणि हलकी केली आणि खेळाला स्वतःची भाषा दिली. म्हणून आजही चेन्नईत असो की छत्रपती संभाजीनगरात, पंच सामना सुरू करताना फ्रेंचमध्येच पुकारतो, 'आँ गार्द! प्रे? आले!' म्हणजे, पवित्रा घ्या, तयार? सुरू!

आपल्याकडे मात्र उलटं झालं. दांडपट्टा, भाला, बोथाटी, तलवार ही आपली विद्या. इंग्रजांचा अंमल आला, फौजा मोडल्या, १८७८चा शस्त्रकायदा आला. तलवार लढाईतून बाहेर पडली आणि कोल्हापूरच्या तालमींमधे मर्दानी खेळाच्या रूपात जगत राहिली. पण तिला पॉइंट, ड्रेस, पंच, वर्ल्ड कप हे काही मिळालं नाही. फ्रेंच-इटालियन मंडळींनी आपल्या तलवारीचं रूलबुक लिहिलं आणि आपण आपली तलवार मिरवणुकीत ठेवली. दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला तो थेट २०२४मध्ये!

बोथट टोक, पेटता दिवा

खेळ म्हणून तलवारबाजीची खरी सुरुवात झाली ती एका बोंडापासून. सराव करताना रोज एक विद्यार्थी गमवायचा नसेल तर टोक बोथट हवं. म्हणून सरावाच्या तलवारीच्या टोकाला फुलाच्या कळीसारखं बोंड बसवलं. फ्रेंचमध्ये ती झाली 'फ्लरे', म्हणजे छोटं फूल. आपण तिला फॉइल म्हणतो. नियमही ठरले. समोरच्यानं आधी हल्ला केला असेल तर आधी तो अडवायचा, मगच आपण मारायचं. दोघांनी एकदम घुसून दोघांचे डोळे जायला नकोत, हा त्यातला शहाणपणा. अठराव्या शतकात जाळीचा मास्क आला आणि खेळाचा वेग एकदम वाढला.

१९१३मध्ये पॅरिसला या खेळाची जागतिक संघटना, एफआयई, स्थापन झाली. पण तोपर्यंत, आणि त्यानंतरही, खऱ्या तलवारींची द्वंद्वं पूर्ण थांबली नव्हती. खोटं वाटेल, पण १९६७मध्ये, हो, माणूस चंद्रावर जायच्या फक्त दोन वर्षं आधी, फ्रान्सच्या दोन खासदारांनी भर संसदेतल्या शिवीगाळीवरून तलवारी उपसल्या होत्या. गास्तों देफेरनं रने रिबिएरला दोनदा जखमी केलं आणि मग पंचांनी लढत थांबवली. त्याची फिल्मही आहे!

खेळात मात्र रक्ताऐवजी विजेचा दिवा आला. एपेला १९३०च्या दशकात, फॉइलला १९५०च्या दशकात आणि सेबरला १९८०च्या दशकात. एपेच्या तलवारीतून वायर जाते, ती अंगातल्या वायरला जोडलेली असते, टोक दाबलं गेलं की सर्किट पूर्ण होतं आणि दिवा पेटतो. आता पंचाच्या डोळ्यांवर सगळा भार नाही. पण जिथे टेक्नॉलॉजी तिथे हॅकरही आलाच! १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमधल्या तलवारबाजीत सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेंकोच्या वारांवर ब्रिटिशांना शंका आली. टोक लागलंच नाही तरी दिवा कसा पेटतो? तलवार उघडली तर मुठीत गुपचूप बसवलेलं बटण सापडलं. साहेब तिथूनच घरी रवाना!

एक गोष्ट मात्र चेष्टेची नाही. १९८२मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत फॉइलचा ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह खेळत होता. समोरच्याचं पातं मोडलं आणि तुटलेलं टोक मास्क भेदून आत गेलं. काही दिवसांनी तो गेला. त्या धक्क्यानंतर पाती, मास्क, जाकिटं सगळ्यांचे निकष कडक झाले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं जाकीट ८०० न्यूटनचा जोर सोसेल असं लागतं आणि मास्कचा गळ्याखालचा पट्टा १,६०० न्यूटनचा. म्हणूनच आज हा खेळ दिसतो त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. आणि म्हणूनच महागही आहे. ही महागाई लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

चौकट : तुमची तलवार कोणती?

फॉइल : फक्त टोक चालतं आणि फक्त धडावर. हल्ल्याचा हक्क कोणाचा, हे पंच ठरवतो. नियम पाळून, रीतसर मेल टाकून, सीसीमध्ये सगळ्यांना ठेवून जिंकणारे असाल तर हे तुमचं शस्त्र!

एपे : तिघांत सगळ्यात जड, कमाल ७७० ग्रॅम. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही टोक लावा, पॉइंट. आधी हल्ला कोणाचा वगैरे भानगड नाही. दोघांचे वार सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास एकदम लागले तर दोघांनाही पॉइंट. थंड डोक्यानं वाट बघणारे, मीटिंगमध्ये शेवटी एकच वाक्य बोलून बाजी मारणारे... एपे!

सेबर : कमरेच्या वर, टोकानं किंवा धारेनं. विजेसारखा वेग. पंचानं 'आले' म्हणेपर्यंत पॉइंट झालेलासुद्धा असतो. मेसेज आधी पाठवून मग वाचणाऱ्यांसाठी... सेबर! (भवानीचं शस्त्र हेच.)

मुलींसाठी सगळ्यात शेवटी उघडलेलं दार

देवीच्या हातात तलवार चालते, घरातल्या मुलीच्या हातात चालत नाही, हा दुटप्पीपणा फक्त आपला नाही हं. तलवारबाजी पुरुषांसाठी ऑलिम्पिकमध्ये आली १८९६ला. बायकांना प्रवेश मिळाला १९२४ला, पॅरिसमध्ये. तोही फक्त फॉइलमध्ये. एपे जड, ते नाजूक हातांना कसं पेलणार? सेबर तर घोडेस्वारांचं, बाप्यांचं शस्त्र! महिलांचं एपे ऑलिम्पिकमध्ये आलं १९९६ला, अटलांटात. आणि सेबर? २००४, अथेन्स. म्हणजे पुरुषांनंतर १०८ वर्षांनी!

त्या पहिल्या सुवर्णपदकाची कहाणीही फिल्मी आहे. अमेरिकेची मेरिएल झगुनिस आधी पात्रच ठरली नव्हती. दुसऱ्या एका देशानं जागा सोडली म्हणून तिला ऐनवेळी तिकीट मिळालं आणि ती थेट सुवर्ण घेऊन परतली.

त्याच वर्षी, २००४मध्ये, चेन्नईच्या एका शाळेत अकरा वर्षांच्या मुलीला खेळ निवडायचा होता. बाकीच्या खेळांतल्या जागा भरल्या होत्या. उरली होती तलवारबाजी.

दुसरी भवानी

सी. ए. भवानी देवी. वडील पुजारी, आई गृहिणी. खेळ महागडा आहे, वडिलांचं उत्पन्न किती, असं विचारल्यावर तिनं चक्क वाढवून आकडा सांगितला होता, हे तिनं नंतर मुलाखतींत हसत सांगितलं. सरावाला तलवारी पुरायच्या नाहीत, मग बांबूच्या काठ्या. खरी तलवार स्पर्धेसाठी जपून ठेवायची, कारण पातं मोडलं तर दुसरं आणायचं कुठून? २००७मध्ये तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली आणि पट्टीवर पोचायला तीन मिनिटं उशीर झाला. पंचांनी काळं कार्ड दाखवलं. स्पर्धेतून बाद! (सोमवारच्या नऊच्या मीटिंगला नऊ वीसला पोचणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मग केरळमधल्या थलासेरीच्या साई केंद्रात सागर लागू या प्रशिक्षकांच्या हाताखाली तिनं वर्षानुवर्षं घाम गाळला. पुढे इटलीत निकोला झानोत्तींकडे. पैशांची ओढाताण कायम होती. तमिळनाडू सरकार आणि गोस्पोर्ट्स फाउंडेशनची मदत मिळाली नसती तर खेळ कधीच सुटला असता. २०१९मध्ये वडील गेले.

आणि २०२१मध्ये ती ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज झाली. टोकियोत पहिल्या सामन्यात ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला तिनं १५-३ असं उडवलं. पुढच्या फेरीत फ्रान्सची मॅनन ब्रुने आडवी आली, ७-१५ अशी हार. तरी घरोघरी लोक पहिल्यांदाच विचारत होते, 'हा खेळ कुठला, आणि दिवा कसा पेटतो?' २०२३मध्ये चीनच्या वूशीमध्ये आशियाई स्पर्धेत तिनं जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवलं आणि ब्राँझ आणलं. या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. २०२४च्या पॅरिसला मात्र आपल्याकडून कोणीच पात्र ठरलं नाही.

म्हणजे बघा, एक मुलगी पोचली, पण तिच्या मागे रांग तयार झालेली नाही. रांग कशी तयार होते, हे बघायचं असेल तर हंगेरीकडे पाहा. १९०८ ते १९६४ या काळात ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं वैयक्तिक सेबर सुवर्ण हंगेरीनं प्रत्येक वेळी नेलं. अपवाद फक्त १९२०चा, तेव्हा त्यांना बोलावलंच नव्हतं! रहस्य काय? १८९६मध्ये इतालो सांतेल्ली हा इटालियन गुरू बुडापेस्टला येऊन राहिला. त्यानं पोरं घडवली, त्या पोरांनी पुढची पोरं. चांगला गुरू, चालू असलेला क्लब आणि दर संध्याकाळी भरणारा हॉल. बस्स!

धाराशिवची पोरगी कुठे आहे?

आता परत धाराशिवला. दुष्काळ, सोयाबीन आणि ऊसतोडीच्या बातम्यांमुळे पेपरात येणारा हा जिल्हा. पण खेळात तो एका गोष्टीसाठी देशभर ओळखला जातो. खो-खो! धाराशिवच्या मातीनं एकाहून एक खो-खोपटू दिले. सारिका काळे हे त्यातलं मोठं नाव. २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. एकेकाळी आपल्या घरात दिवसातून एकदाच जेवण व्हायचं, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं. त्या वेळी ती क्रीडा अधिकारी होती. कुठे? तुळजापूरला!

देवीच्या गावात, तलवारीच्या गावात, खेळाची अधिकारी म्हणून एक चॅम्पियन मुलगी. कॅलेंडरवरच्या चित्रापेक्षा हे चित्र मला जास्त भारी वाटतं.

आता जरा खो-खो डोळ्यांपुढे आणा. झुकलेले गुडघे, पायाच्या पुढच्या भागावर वजन, नजर समोरच्याच्या कमरेवर, डावीकडे हूल आणि उजवीकडे झेप. तलवारबाजीचा कोच याहून वेगळं काय शिकवतो? पवित्रा, अंतर, हूल, झेप. धाराशिवच्या पोरींच्या पायात अर्धी तलवारबाजी आधीच आहे!

मग अडतं कुठे? पुन्हा पैशापाशी. खो-खोला मैदान लागतं, दोन खांब लागतात आणि चुन्याच्या रेघा. तलवारबाजीला मास्क, जाकीट, आतलं संरक्षक जाकीट, हातमोजा, अंगातली वायर, फॉइल आणि सेबरसाठी धातूच्या धाग्यांचं वरचं जाकीट, पट्टी, स्कोअरिंग मशिन आणि मोडतील तशी नवी पाती. आंतरराष्ट्रीय दर्जाचं सामान बहुतेक परदेशातून येतं. शाळेच्या वार्षिक क्रीडा बजेटमध्ये एक पातं बसलं तरी पुष्कळ. मास्क मापाचा नसेल तर खेळताच येत नाही आणि वाढत्या वयातल्या मुलीचं माप दर वर्षी बदलतं. इथे गुणवत्ता हरत नाही, मापं हरतात.

दुसरं म्हणजे अंतर. साईचं तलवारबाजीचं मोठं केंद्र मराठवाड्यातच आहे, छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठाच्या आवारात. या शहरातल्या मुलामुलींनी राष्ट्रीय पदकं आणलीत. पण धाराशिवहून ते अडीचशे किलोमीटरच्या आसपास. रोजचा सराव एसटीनं होत नसतो. होस्टेलला निवड होईपर्यंतची पहिली तीन-चार वर्षं गावातच काढावी लागतात, आणि खेळ सुटतो तो नेमका तेव्हा.

तरी दार बंद नाही. शालेय स्पर्धांच्या यादीत तलवारबाजी आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि छोट्या गावातल्या आईबापांना हे गणित चटकन कळतं. मुलीला खेळायला सोडायचं की लवकर लग्न लावायचं, या वादात 'पुढे नोकरी आहे' हे वाक्य कधीकधी तलवारीपेक्षा धारदार ठरतं.

चौकट : वीकेण्ड प्लॅन

पुण्याहून सोलापूरमार्गे तुळजापूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईकरांना रेल्वेनं सोलापूर किंवा धाराशिव गाठता येईल. तिथून एसटी.

शनिवार : तुळजाभवानीचं दर्शन. महाद्वारातून पायऱ्या उतरताना कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ बघा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेतलेले आराधी आणि संबळाचा ठेका, हे हेडफोन काढून ऐका. नवरात्रात गर्दीची तयारी ठेवा.

रविवार : नळदुर्गचा किल्ला. आदिलशाहीतला पाणीमहाल आणि पावसाळ्यात नर-मादी धबधबे. वेळ उरला तर परांडा. तिथल्या बुरुजावर उभं राहून तोफेनं तलवार कशी हलकी केली, हे मित्रमैत्रिणींना ऐकवा आणि भाव खा!

परतल्यावर : मुंबई-पुणे-नाशिक-संभाजीनगर, मोठ्या शहरांमध्ये तलवारबाजीचे क्लब आणि कोच आहेत. जिमची पुढची मेंबरशिप भरण्याआधी एक ट्रायल करून बघा. तीन मिनिटांत दम कशाला म्हणतात ते कळेल.

शेवटचा सलाम

तलवारबाजीत सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला, पंचाला आणि प्रेक्षकांना तलवारीनं सलाम करावाच लागतो. सामना संपल्यावर पुन्हा सलाम. २०२३च्या जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या ओल्हा खारलाननं रशियन प्रतिस्पर्धी आना स्मिर्नोव्हाला हरवलं. हात मिळवायला नकार दिला, फक्त तलवारीचं पातं पुढे केलं. नियमानं ती बाद झाली. मग जगभर चर्चा झाली आणि नियमच बदलला. पुढच्याच वर्षी पॅरिसला तिनं सेबरमध्ये वैयक्तिक ब्राँझ आणि सांघिक सुवर्ण जिंकलं. शत्रूच्या अंगाला टोक लावायचं, पण कसं लावायचं याचे नियम पाळायचे आणि नियम चुकीचा असेल तर तो बदलायचा. शेकडो वर्षांत तलवारीनं माणसाला शिकवलेलं शहाणपण ते हेच.

आपण तलवार गाभाऱ्यात ठेवली, कॅलेंडरवर लावली, मिरवणुकीत नाचवली. त्यात काही वाईट नाही. पण पुढच्या नवरात्रात तुळजापूरच्या रांगेत तुमच्या पुढे एखादी दहा-बारा वर्षांची पोरगी उभी असेल. पायात खो-खोची चपळाई, नजर त्या तलवारीवर. तिला देवीकडून तलवार मिळेल की नाही, सांगता येत नाही. मापाचा एक मास्क, एक जाकीट आणि एक पातं मात्र आपल्यातल्या चार पगारदार लोकांनी एका वीकेण्डचं बिल वाचवलं, तर एखाद्या शाळेला नक्की मिळू शकतं.

आँ गार्द, मंडळी. पवित्रा घ्या!